चौदा नंबरची फाइल

२ फेब्रुवारी
पोचलो एकदाचे! कारखान्याच्या वसाहतीतलं हे चौदा नंबरचं घर पाहताक्षणीच मनात भरलं. दोन खोल्या, ओट्यावर सरळ ऊन येतं, आणि दवाखाना हाकेच्या अंतरावर. नवऱ्याने इथली नोकरी धरली ती त्या दवाखान्यासाठीच. मला आज बरोबर सहा आठवडे झाले. आधी दोनदा नवव्या आठवड्यात सगळं संपलं, म्हणून या खेपेला तारखा मीच लिहिणार. छापखान्यात नऊ वर्षं मुद्रितं तपासलीत. आकड्याची चूक माझ्या हातून व्हायची नाही. बाळ आता मसुराच्या दाण्याएवढं असेल. तेलाचा वास आला की मळमळतं, पण मी खूश आहे. उलटी झाली की नवऱ्याला हाक मारून सांगते, जणू वर्गात पहिली आले.

५ फेब्रुवारी
आज अकरा वेळा बाथरूम. दुपारी जेवता जेवताच डोळा लागला. छाती दुखते, कुशीवर वळता येत नाही. नवऱ्याने मोजे उलटे टाकले म्हणून रडले, मग रडले म्हणून चिडले. सासूबाई फोनवर म्हणाल्या, या दिवसांत असंच होतं, तू त्याला खुशाल चार शब्द सुनाव. मुलगा त्यांचा आणि बाजू माझी! फार बरं वाटलं.

९ फेब्रुवारी (सात आठवडे)
दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाई हुशार, पण सदा घाईत. गोळ्या दिल्या, दोन आठवड्यांनी सोनोग्राफी ठरवली. बाहेर कंपाउंडरने एक जाडजूड फाइल काढली. वर नाव नाही, नुसता आकडा: १४. त्यात त्याने लिहिलं, आठवडा एकोणीस. मी म्हटलं, अहो, सात. तर म्हणाला, इथे फाइल घराची असते, माणसाची नाही. माणसं बदली होऊन जातात, घरं राहतात. आधीची नोंद अठराची आहे, म्हणजे पुढे एकोणीसच येणार. मी हसले. तो हसला नाही. नवी फाइल मागितली, तर घर नवं आहे का, असं मलाच विचारलं. डोकंच फिरलं माझं.

१२ फेब्रुवारी
गाऊन सोडून अंगाला काही येत नाही. सातव्या आठवड्यात पोट दिसत नाही, हे मला तोंडपाठ आहे. मळमळ एका रात्रीत गायब. पुन्हा तक्रार करायला गेले. कंपाउंडर म्हणाला, रीतसर अर्ज द्या. दिला. त्याने तो अर्जही त्याच फाइलला लावला! नवरा म्हणतो, वारा धरला असेल. वारा? मी काय फुगा आहे?

१६ फेब्रुवारी (आठ आठवडे)
आज आतून लाथ बसली. भर दुपारी, ओट्यापाशी, चांगली सणसणीत. नवऱ्याचा हात पोटावर ठेवला, त्यालाही बसली. त्याला आनंदाने रडूच फुटलं. म्हणाला, तुझंच मोजताना चुकलं असेल. माझं! नऊ वर्षं मी... जाऊ दे. माझ्या बाळाला अजून बोटंही धड फुटली नसतील. मग लाथ मारली कुणी? एवढंच विचारते, तर जो तो अभिनंदन करतो. भिंतीवर डोकं आपटावंसं वाटतं.

१९ फेब्रुवारी
कंपाउंडर चहाला गेला, तेवढ्यात फाइल वाचली. पहिलं पान पिवळं पडलंय. आठवडा पाच. नवव्या आठवड्याखाली वेगळ्या शाईत: ‘पेशंट बदलला. गर्भ चालू.’ पुढे दुसऱ्याच बाईचं वय, वजन. नऊ ते चौदा. पुन्हा तीच ओळ. चौदा ते अठरा. पुन्हा तीच ओळ.
तीन बायका. गर्भ एकच.
कंपाउंडर परतला. मी हातात फाइल घेऊनच विचारलं, या गेल्या कुठे? म्हणाला, घर सोडून. घर सोडलं की पोट उतरतं. माझं स्वतःचं बाळ माझ्याबरोबर येईल ना, विचारलं. म्हणाला, तशी नोंद कुठे नाही.
नवऱ्याला सांगितलं. म्हणाला, तू जरा पड.

२३ फेब्रुवारी (नऊ आठवडे)
सोनोग्राफी. डॉक्टरीणबाई आज घाईत नव्हत्या. कितीतरी वेळ पाहत राहिल्या.
उजवीकडे मोठं. एकवीस आठवड्यांचं. आणि डावीकडे, अगदी खाली, एक छोटं — नऊ. बरोबर नऊ! ठोका ऐकवला. मी हमसून हमसून रडले. माझं बाळ आहे. माझं मोजणं बरोबर होतं.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असं होत नाही. मग फाइलीत लिहिलं, एकवीस. छोट्याचं? तर म्हणाल्या, रकाना एकच आहे.

२४ फेब्रुवारी
पुन्हा ठोका ऐकायला गेले. छोट्याचा मंद झालाय. मोठ्याचा दणदणीत.
फाइल सरळ पिशवीत घालून घरी आणली. नवऱ्याने वाचली. उठून बॅगा भरायला लागला. पटलं एकदाचं. किती उशिरा —
उद्या सकाळी निघायचं.

२५ फेब्रुवारी
नवरा गाडी आणायला गेलाय. मी बाहेर, पायरीवर बसून लिहितेय.
दाराबाहेर पाऊल टाकलं आणि पोट सैल पडायला लागलं. मोठं मागे राहतंय. खरंच राहतंय —

कळ आली. डावीकडे. खाली.

दुसरी पायरी उतरले. आत काहीतरी ओढतंय, घराकडे. मोठं ओढत नाहीये, ते तर सुटत चाललंय — छोट्याने त्याला धरलंय. सोड रे बाळा, सोड त्याला — नऊच्या पुढे जगायचं म्हणून त्याने —

गाडी आली. नवरा हाका मारतोय. तिसरी पायरी उतरले तर मोठ्याला धरूनच छोटं निसटून मागे, घरात —