डाव्या चाकाचा आवाज

४ नोव्हेंबर
आज एकदाची ताडपत्री काढली. अडीच महिने शेडमध्ये माझी जुनी इंग्रजी गाडी तशीच पडून होती, हात लावायची हिंमत होत नव्हती. डावं पुढचं चाक खोललं. चाकाच्या मधला हब निघता निघेना, पुलर लावला तेव्हा कुठं सुटला. बेअरिंगचे रोलर निळे पडलेले, दोन तर अर्धे झिजलेले. ग्रीसचा पत्ता नाही. हे एका दिवसात होत नसतं. महिनाभर तरी ओरडत असणार.

बाळूनं सांगितलं होतं. पोळ्याला गाडी बोरीला नेतो म्हणून न्यायला आला होता, बैलांसोबत हिलाही झूल घालू म्हणत होता. शेडमध्ये माझे दोन जुने विद्यार्थी चहा पीत बसलेले. बाळू एक चक्कर मारून आला, म्हणाला, "दादा, डावीकडून घूं घूं आवाज येतोय, बघ की जरा." मी स्क्रूड्रायव्हर हबवर टेकवला, मूठ कानाला लावली, डोळे मिटले, चाक फिरवलं. काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. म्हणालो, टायरचा आवाज आहे, जा बिनधास्त.

झरीच्या पुढं चाक निखळलं. बाळूची उजवी मांडी तीन ठिकाणी मोडली. सख्खा धाकटा भाऊ.

५ नोव्हेंबर
काल लिहायचं राहिलं. राहिलं कसलं, टाळलं.
दवाखान्यात सुनंदा, बाळूची बायको, रडत विचारत होती, भाऊजी, कसं झालं हो हे? मी म्हणालो, "साठच्या वर नेऊ नको म्हणलं होतं त्याला." असं मी कधीच म्हणालो नव्हतो. स्पीडचं कुणी विचारलंही नव्हतं. तोंडातून गेलं ते गेलं. तेव्हापासून सगळं घर त्यालाच बोलायलंय. आणि तो ऐकून घ्यायलाय, हे जास्त वाईट.

९ नोव्हेंबर
सौ. चिडली. कुकरच्या पाच शिट्ट्या झाल्या म्हणे, मी शेजारी पेपर वाचत बसलेलो. भात खाली लागला. "तुमच्याशी बोलण्यापेक्षा भिंतीशी बोललेलं बरं."
दोन वर्षं झाली असतील. डावा कान जवळजवळ गेलाच, उजवा अधूनमधून. कुणाला सांगितलं नाही. कसं सांगणार? आयटीआयत मोटार मेकॅनिकचा निदेशक म्हणून तीस वर्षं काढली. परभणीतली निम्मी गॅरेजं माझ्या पोरांची. अडलेली गाडी आली की म्हणायचे, सरांचा कान लावून आणा. पोरांना मात्र शिकवायचो, आधी चाक धरून हातानं हलवा, ढिलं आहे का बघा, मग कान लावा. त्या दिवशी मी हात लावलाच नाही. दोन मिनिटांचं काम. पण हात काय सगळ्यांनाच असतात. कान सरांचा!

१६ नोव्हें.
स्टब अॅक्सल घेऊन रहीमच्या लेथवर गेलो. हाही माझाच विद्यार्थी. आता दाढी पांढरी झाली त्याची, तरी मी आलो की स्टूल सोडून उभा राहतो. ज्या खुंटीवर बेअरिंग बसतं ती खाल्लेली आहे, वेल्डिंगनं भरून लेथवर टर्न करावी लागेल म्हणाला. मग जुनं बेअरिंग हातात घेऊन बराच वेळ फिरवत राहिला. त्या दिवशी चहाला तो होता.
शेवटी मशीन बंद करून जवळ आला. "सर, त्या दिवशी आवाज मला आला होता."
मी म्हणालो, मग बोलला का नाहीस?
"तुमी न्हाई म्हणले. तुमच्यापुढं मी कसा बोलू?"
अशी अदब मीच शिकवली. वर्गात कुणी उलट बोललं की बाहेर काढायचो. रहीमचा दोष नाही. घरी येऊन जेवलो नाही.

२३ नोव्हें.
एस.टी.नं बोरीला गेलो. आज सांगायचंच असं ठरवून. बाळू ओसरीवर बाजेवर, शेजारी वॉकर. वाळलाय. सुनंदानं धपाटे केले होते, वाढता वाढता बोलतच होती: पन्नाशी उलटली तरी पोरकटपणा गेला न्हाई, भाऊजींनी सांगितलं होतं तर ऐकायचं होतं. बाळू खाली बघून खात होता.
ती आत गेल्यावर मला म्हणाला, "पायाचं जाऊ दे दादा. तुझ्या गाडीचं वाटोळं केलं मी. लय वाईट वाटतंय."
माझी गाडी! हैदराबादहून ट्रकवर घालून आणली तेव्हा नुसता सांगाडा होता. तळाचा पत्रा यानं घासला, सहा वर्षं दर रविवारी बोरीहून येऊन. साठ सालची इंग्रजी टू-सीटर, तिला टप नाही म्हणून गल्लीतल्या बायका हसायच्या, पावसात छत्री धरून बसणार का म्हणायच्या. आणि हा माझी माफी मागतोय.
पाणी प्यालो. म्हणालो, असू दे, गाडी होईल चालू. आणि चारच्या गाडीनं परत आलो. हलकट आहे मी.

३० नोव्हें.
खुंटी बसली. नवं बेअरिंग हैदराबादहून आलं, ग्रीस हातानं भरलं. हातानं हलवून बघितलं, चार वेळा.
इंजिन सुरू झालं पण अडखळतंय. दोन कार्बोरेटर, दोन्हींचा श्वास सारखा लागतो. रबरी नळीचं एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी, दुसरं कानात, सूं आवाज दोन्हीकडं सारखा येईपर्यंत स्क्रू फिरवायचा. अर्धा तास झटलो. शेवटी सौ.ला हाक मारली. इतक्या वर्षांत तिला शेडमध्ये कशालाही हात लावू दिला नव्हता. नळी कानात धरून पदर सावरत उभी राहिली. "हिकडं जास्त येतंय. अजून. थांबा, आता झालं." इंजिन असं लागलं की बास.
नळी माझ्या हातात देत म्हणाली, "बाळूभाऊजींना सांगितलं का?" तिला सगळं माहीत होतं म्हणजे. मी म्हणालो, तू तुझं काम बघ. कानाला मशीन लावून घ्या, असंही म्हणाली. त्यावर मी काय बोललो ते लिहीत नाही.

१४ डिसेंबर
गाडी घेऊन बोरीला. सुनंदा बाळूला बसू देईना. तोच म्हणाला, दादा चालवायलाय ना, मग कशाची भीती? दोघांनी धरून त्याला बसवला, वॉकर मागं बांधला.
झरीकडं निघालो. मुद्दाम चालवताना बोलायचं ठरवलं होतं, तोंडाकडं बघावं लागत नाही. ती जागा आली. गाडी आदळली त्या बाभळीची साल अजून सोललेली आहे. तिथं थांबलो नाही, पुढून वळवून परत फिरलो आणि बोलून टाकलं. बाळू, आवाज होता. बेअरिंग गेलेलं होतं, मी नीट बघितलं नाही. साठचं मी खोटं बोललो. तुझी काही चूक नव्हती.
एवढं सगळं म्हणालो. ऐकू येत नाही, एवढं मात्र म्हणालो नाही.
बाभूळ पुन्हा मागं पडेपर्यंत बाळू मांडीवरून हात फिरवत होता. मग तोंड पलीकडं, तुरीच्या रानाकडं वळवलं आणि बोलला. तीन-चार वाक्यं असतील. वारा, इंजिन, त्यात तो माझ्या डाव्या बाजूला. एक शब्द कळला नाही. आणि मी मान हलवली, जसं काही सगळं कळलं.
घरी चहा झाला. सुनंदाला त्यानं काही सांगितलं नाही. माझ्याशीही बोलला नाही. तो तसा कमीच बोलतो म्हणा. माफ केलं, की उभ्या जन्मात तोंड दाखवू नको म्हणाला? दोन्हीला मी मान हलवून बसलोय.

१५ डिसें.
सौ.ला सगळं सांगितलं. काय म्हणाले भाऊजी, तिनं विचारलं. सांगितलं, ऐकू आलं नाही. हे वाक्य तोंडातून आज पहिल्यांदा गेलं, तेही तिच्यापुढं.
फोनवर विचारून उपयोग नाही, फोनवर तर काहीच कळत नाही. जाऊन समोर बसावं लागेल. बाळू, काल काय म्हणालास ते परत सांग, मला ऐकू येत नाही, त्या दिवशीही आलं नव्हतं. म्हणजे त्याला ते सगळं पुन्हा बोलायला लावायचं. एकदा बोलायलाच त्याला किती वेळ लागला.
आत्ता सौ.नं स्वयंपाकघरातून विचारलं, "मग कधी जाताय बोरीला?"
हे स्पष्ट ऐकू आलं. तरी लिहीतच बसलोय.