पिशवीबरोबर आणखी काय काढलं?

४ मार्च, सोमवार
आजपासून मी बोलणार. ठरलं.

आत्याला हॉस्पिटलला नेलं. पार्किन्सन्स तिच्या हातात होता तोवर निभलं, शिवणाचं दुकान मी सांभाळायला लागलो. आता तो श्वासात शिरलाय. वाक्य संपायच्या आत तिचा दम संपतो. मला शिव्यासुद्धा अर्ध्याच मिळतात. गाढवा, तुला किती वेळा... एवढ्यावर ती थांबते. उरलेलं मीच मनात पूर्ण करतो.

आत्या आत नळीत फुंकत होती तेव्हा डॉक्टरबाईंनी मला गाठलं. म्हणाल्या, बायकांच्या अंडाशयातल्या हॉर्मोन्सचा आणि या आजारातल्या श्वासाचा काही संबंध आहे का, ते आम्ही शोधतोय. अजून नक्की काही माहीत नाही. आत्याला त्यात घेतलं तर श्वासाच्या व्यायामाच्या वर्गात जागा मिळेल. पण तिची पिशवी काढली तेव्हा ओव्हरीज काढल्या की ठेवल्या, ते पुढच्या आठवड्यात शुक्रवारी सांगायचं. आज दमल्यात, घरी विचार. विचारशील ना?

मी ठणकावून हो म्हटलं.
त्या म्हणाल्या, अरे, विचारशील ना?

५ मार्च, सकाळ
विचारणारच. मी काही लाजाळू नाही. शाळेतही रोज हजेरीला हजर म्हणायचो. बाईंना ऐकू यायचं नाही, रोज गैरहजेरी लागायची. नववीत म्हटलं, गैरहजेरी लागतेच आहे तर जायचं कशाला?

५ मार्च, दुपार
विचारलं! आत्या काजं तपासत होती. मी मशीनकडे बघत म्हणालो, आत्या, पिशवी काढली का?
आत्याने खुंटीवरची पिशवी काढून माझ्या हातात दिली. म्हणाली, बरी आठवण केलीस. काळी बटणं आण आणि...
आणि काय ते दम संपल्यामुळे कळलं नाही. मी दोराही आणला. अस्तर हवं होतं.
तरी सुरुवात झाली.

७ मार्च
नीट विचार केला. आत्याला बोलायला लावून दमवणं बरोबर नाही. ऑपरेशनच्या वेळी मोठी आत्या सोबत होती, तिलाच विचारावं. तिला ऐकू कमी येतं, पण माझा आवाज फोनवर चांगला लागतो.

७ मार्च, संध्याकाळ
फोन केला. मोठी आत्या कोण, कोण, करत राहिली. मी आधी मोठा श्वास घेतला, मग दुसरा घेतला. ती ओरडली, मेल्या, नुसता श्वास सोडतोस होय बायकांच्या फोनवर? परत केलास तर पोलिसात देईन!
आमच्या घराण्यात श्वासाचा त्रास सगळ्यांनाच आहे असं दिसतं.

९ मार्च
मेसेज. हे आधीच सुचायला हवं होतं. ओव्हरी हा शब्द लिहिला, पुसला. परत लिहिला, पुसला. मागून कोणी वाचलं तर? (मागे भिंत आहे. पण तरी.) शेवटी सभ्य शब्दांत लिहिलं, आत्याच्या पिशवीबरोबर आणखी काही काढलं होतं का?
मोठ्या आत्याचं ताबडतोब उत्तर. हो. माझा थर्मास. तुमच्याकडेच राहिलाय. मी येऊन नेईन.
उत्तर आलं हे महत्त्वाचं.

१४ मार्च
उद्या शुक्रवार. आज आत्याने गिऱ्हाइकाला कमरेचं माप सांगितलं, अठ्ठावीस म्हणेपर्यंत मध्ये एकदा थांबली. गिऱ्हाईक वीसच ऐकून खूश झालं.
मला हसू आलं नाही.
उद्या विचारणारच.

१५ मार्च, शुक्रवार
मोठी आत्या थर्माससाठी थेट हॉस्पिटलात उगवली. वेटिंग रूम गच्च. डॉक्टरबाई दारात येऊन म्हणाल्या, काय रे, विचारलंस का? नाहीतर मी पुढच्या पेशंटला घेते. आत्याने माझ्याकडे बघितलं. तिला काही बोलायचं होतं, पण नुसते ओठ हलले.

मी मोठ्या आत्याच्या कानाशी गेलो. ती म्हणाली, मोठ्याने! थर्मास आणलास का?
आणि मी ओरडलो. पिशवी काढली तेव्हा आत्याच्या ओव्हरीज काढल्या की ठेवल्या?
सगळे माझ्याकडे बघत होते.
मोठी आत्या म्हणाली, एक काढली, एक ठेवली. ओरडतोस कशाला, मी काय बहिरी आहे?
डॉक्टरबाई म्हणाल्या, चालेल, नाव घालते.
आत्या हसून हसून खुर्चीतून घसरायला आली. मी मात्र बदललोय. आता माझी भीड कायमची मेली.

२० मार्च
वर्गाचा पहिला दिवस. आत्याने पोटातून आ काढला, आधी फुसका, मग बरा. शिकवणाऱ्या ताईंनी हजेरी घेतली. आत्या हजर म्हणाली, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं. मग ताईंनी विचारलं, यांच्यासोबत कोण आलंय?
मी हजर म्हटलं.
ताईंनी इकडेतिकडे बघितलं. कोणीच नाही का?
मी परत हजर म्हटलं, आधीपेक्षा मोठ्याने. त्या पेन उघडून कोणी नाही असं लिहायला लागल्या.
तेवढ्यात आत्या म्हणाली, अहो, आलाय की, हे काय माझं गाढव, तुमच्या समोरच उभं आहे!
एका दमात. मध्ये कुठेही न थांबता.
खोलीत आवाज घुमतो. नाहीतर माझं ऐकू आलंच असतं.