मदर सीरियस

॥ श्री ॥

मुलुंड (पूर्व),
९ फेब्रुवारी १९८६

प्रिय सुलक्षणास,
स. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. मँचेस्टरच्या बर्फाचं वर्णन नीलाने वर्गात वाचून दाखवलं. आता सगळी पाचवी मला बर्फवाल्या बाईंचा नवरा म्हणून ओळखते. चाळिशीला टेकलेली बायको शाळेत जाते आणि नवरा पोरीचा डबा भरतो, यावर आमच्या कँटीनमध्ये रोज नवा विनोद निघतो. मी हसतो. पण हसायचाही कंटाळा येतो गं.

एक सांगायचं होतं. आई मोरीत घसरली. खुब्याला मार बसलाय, झोपून आहे. तुला कळवू नको म्हणाली, तरी कळवतोय. वनमाला बोरिवलीहून येऊन-जाऊन असते, पण बहीण झाली म्हणून तिला किती राबवायचं? तिलाही तिचं घर आहे. बहिऱ्या मुलांना बोलायला कसं शिकवायचं ते शिकायला तू एवढ्या लांब गेलीस, त्याचा मला अभिमान आहे. पण तुझ्या घरची माणसंही हाका मारतायत, त्या ऐकू येतात का? ईस्टरच्या सुट्टीत कायमचं येता येईल का, विचारून बघ. सहा महिन्यांचंही काही सर्टिफिकेट देत असतील.

नीला मजेत आहे. लोभ आहे तो तिकडच्या थंडीत गोठू देऊ नकोस.

तुझा,
श्यामकांत


॥ श्री ॥

मँचेस्टर,
२० फेब्रुवारी १९८६

श्री. श्यामकांत यांस,
सा. न. वि. वि.

आई पडल्याचं वाचलं आणि लगेच लिहायला बसले. एक्स-रे काढला का? हाड मोडलंय की नुसता मुका मार आहे? तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. तुमच्या पत्रात आईंपेक्षा कँटीनच जास्त आहे. रागावू नका, पण आईंचं दुखणं मोठं आहे की तुम्हाला एकट्याला जड जातंय, हेच मला कळत नाही. दोन्ही खरं असेल. पण दोन्हींवरचा उपाय एक नाही.

सहा महिन्यांचं सर्टिफिकेट नसतं. जूनमध्ये पेपर आहेत. ते बुडाले तर वर्ष बुडालं, आणि आमची शाळा पुन्हा रजा देणार नाही हे तुम्हाला माहीत आहे. वर्गात मीच सगळ्यांत म्हातारी. बाकीच्या मुली माझ्याशी एवढ्या हळू आणि मोठ्याने बोलतात, की मलाच ऐकू येत नाही असं वाटावं! पण परवा एका चिमुरड्याने माझ्या गळ्यावर हात ठेवला, थरथर चाचपली आणि आयुष्यात पहिल्यांदा 'म' म्हटलं. मला तिथेच रडू आलं. घाटकोपरच्या शाळेतल्या माझ्या मुलांसाठी मला हे पुरतं शिकून यायचं आहे, अर्धवट नाही.

आईंचं खरंच जास्त असेल तर तसं स्पष्ट लिहा, मिळेल त्या विमानाने निघेन. नसेल तर मला जूनपर्यंत राहू द्या. नीलाला गोड पापा. माया आहेच, थोडा विश्वासही असू द्यावा.

आपली,
सुलक्षणा


॥ श्री ॥

मँचेस्टर,
२० मार्च १९८६

सौ. वनमालास,
अ. उ. आ.

काल तुझ्या दादाची तार आली. मदर सीरियस, स्टार्ट इमिजिएटली.

आपल्याकडे या तारेचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. माझे बाबा देवगडला वारले तेव्हा हीच तार आली होती. मामंजी गेले तेव्हा तुझ्या दादानेच हीच तार गावी केली होती. माणूस गेला असं तारेत कोण लिहितं? सीरियस लिहायचं, म्हणजे येणाऱ्याच्या जिवाला वाटेत धीर राहतो. मी प्रोफेसरबाईंना सांगितलं, माझ्या सासूबाई गेल्या. त्यांनी तार दोनदा वाचली आणि म्हणाल्या, अगं, यात तर आजारी आहेत असं लिहिलंय. त्यांना मी काय सांगणार?

डोक्यावरून अंघोळ केली. जेवण गेलं नाही. खालच्या माणिककाकांकडे फोन लावला, कुणी उचलत नाही. शिष्यवृत्तीचं तिकीट बदलायला वेळ लागतो, एप्रिलच्या पहिल्या आठवड्याआधी विमान नाही. म्हणजे दहावं-बारावं सगळं माझ्यावाचून होणार. वनमाला, यांनी फेब्रुवारीतच मला बोलावलं होतं आणि मी त्यांच्यावरच शंका घेतली. आता कुठल्या तोंडाने घरात शिरू? तिकीट हातात आलं की कोर्स सोडत असल्याचं लिहून देते.

नीलाला पोटाशी धर. मी येईपर्यंत सगळ्यांना सांभाळ.

तुझी,
वहिनी


॥ श्री ॥

मुलुंड (पूर्व),
३० मार्च १९८६

चि. सौ. सुलक्षणास,
सोनूबाईचे अ. उ. आ.

वनमालाची उलटी तार मिळाली असेलच. मी जिती आसंय. (वहिनी, आई सांगते आणि मी लिहिते. तिचं मालवणी जमेल तेवढं सरळ करते, शिव्या गाळते. — वनमाला)

तुझं पत्र घेऊन ही धावत आली. मी गेले आणि आपल्याला कुणी कळवलंच नाही असं वाटलं हिला. मी उशीला टेकून कालवणासाठी गोराईची करंदी सोलत होते. मला बघून दारातच रडायला लागली. म्हटलं, मेल्यावर रड, आता कांदा चिर.

संध्याकाळी श्यामला समोर बसवलं. तो म्हणाला, डॉक्टर ऑपरेशन करायचं म्हणाले, म्हणजे सीरियसच ना, यात खोटं काय? मी विचारलं, बापाच्या वेळी पोस्टात तूच गेला होतास, तुला या शब्दाचा अर्थ ठाऊक नाही? मग रडला. त्याला तू हवी आहेस, एवढंच आहे. सरळ मागायला जीभ उचलत नाही त्याची.

हाड जुळलेलं नाही. पुढच्या महिन्यात ऑपरेशन आहे. माझं वय बघून डॉक्टर हातचं राखून बोलतो. तू जायला निघालीस तेव्हा मीही नाक मुरडलं होतं. पण गेलीस ती गेलीस, आता शिक्षण अर्धं टाकून आलीस तर मी तोंड बघणार नाही. तुझे पेपर होईपर्यंत या घरातून तुला तार येणार नाही, माझं काही झालं तरी. दोघा भावंडांना माझ्या गळ्याची शपथ घातली आहे. तू तुझं लिही. मी माझं बघते.

माझे आशीर्वाद आहेत. त्यांना विमान लागत नाही.

सोनूबाई


मुलुंड (पूर्व),
३ जून १९८६

सुलक्षणास,

हे पत्र तुझा शेवटचा पेपर झाल्यावरच मिळेल अशा बेताने टाकतोय.

आई गेली. ऑपरेशन नीट झालं होतं, धरून धरून चार पावलं चाललीही. मग छातीत कफ साठला आणि तो उतरलाच नाही. मे महिना नुकता लागला होता. मधलं 'सगळे ठीक' असं पत्र आलं ते वनमालाने लिहिलं. माझ्याने लिहवलं नाही. नीलाला खोटं लिहायला लावायचं नव्हतं, म्हणून तिला लिहूच दिलं नाही. ती फार रडते. तुझी आठवण काढते.

आईची शपथ आम्ही पाळली असं सगळे म्हणतात. पण तसं नाही. मसणातून आलो आणि तसाच ओल्या कपड्यांनी पोस्टात गेलो. तारेचा फॉर्म पुढ्यात घेतला. मदर एवढं लिहिलं आणि हात थांबला. पुढचा शब्द मी मार्चमध्येच वापरून टाकला होता. तोच पुन्हा लिहिला असता तर तू म्हणाली असतीस, श्यामकांतचं पुन्हा सुरू झालं. दुसरा शब्द आपल्या घरात नाही. काउंटरवरचा माणूस म्हणाला, साहेब, लवकर करा, मागे रांग आहे. मी फॉर्म फाडला आणि घरी आलो.

दिवसकार्य झालं. तुला राग येईल, तो तुझा हक्क आहे. निकाल हातात घेऊनच ये, घाई करू नकोस.

पत्राच्या शेवटी लोभ असावा असं लिहायची पद्धत आहे, म्हणून इतकी वर्षं लिहीत आलो. आज मागतोय.

श्यामकांत