दोन पट्ट्यांमधला गांधार

माय, तुझा आवाज आता हिंगोलीत, लोकसंगीताच्या पदव्युत्तर वर्गाला परीक्षेत ऐकवला जातो. मी तिथे श्रवणाभ्यास शिकवते. कानावर पडलेल्या गाण्यातले स्वर ओळखून कागदावर कसे उतरवायचे, ते. नेमणूक तासिका तत्त्वावर आहे, पुढच्या वर्षी बोलावतील की नाही हे दर उन्हाळ्यात नव्याने ठरते. ध्वनिमुद्रण तेच, मामाच्या मोबाइलवर मी केलेले. कुरुंद्याचे आपले स्वयंपाकघर आहे, तू भाकरी थापते आहेस आणि नवरीला हळद लावतानाचे गाणे म्हणते आहेस. गाणे संपते, तशी शाळेत नुकतीच पेटी शिकू लागलेली मी मोठ्या ज्ञानाने सांगते, "माय, तुझा हा सूर पेटीत न्हाई." तू तव्यावरची भाकरी उलटतेस. "न्हाई तं न्हाई. पेटी काय माझ्या लग्नाला आल्ती व्हय?" शेजारची काकू खो खो हसते, आणि तू तो सूर पुन्हा तिथेच, दोन पट्ट्यांच्या मध्ये, नेऊन ठेवतेस.

तू गेल्यावर कितीतरी वर्षे मला ते ऐकवले नाही. ऐकले तेव्हा कळले की प्रत्येक कडव्यात तू त्याच जागी येतेस. ती चूक नव्हती.

यंदा बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एका मुलीला उभे केले. पुसेगावची आहे, माझ्यासारखीच खाली मान घालून बोलणारी. तिने कोमल गांधार लिहून त्याच्या डोक्यावर छोटा बाण काढला होता.

"हा बाण कशाचा?"

"सर, कोमलच्या थोडा वर हाय. शुद्धपर्यंत जात न्हाई."

"मग आहे तरी कुठे?"

"तिथंच हाय, सर. दर कडव्याला बराबर तिथंच येऊन राहिली ती बाई."

"बाई बेसूर असली, तर तूही तिच्या मागे जाणार का?"

वर्ग हसला. परीक्षकांनी पेटीची पट्टी दाबून धरली आणि माझ्याकडे पाहिले. "मॅडम, उत्तर काय धरायचे?" विभागप्रमुख शेजारीच बसले होते. मला एकच वाक्य बोलायचे होते.

"कोमल," मी म्हणाले. ती बाई माझी आई आहे, हेही सांगितले नाही.

बाहेर ती मुलगी थांबली होती. "मॅडम, माझा कान खराब हाय का? खरं सांगा."

"पेटीवर सराव कर," मी म्हणाले.

तिने केला. प्रामाणिक पोर आहे, रोज सगळ्यांच्या आधी येऊन पेटी उघडायची. काल मी तुझेच गाणे पुन्हा लावले, तर तिने क्षणभरही न अडखळता कोमल लिहिला. बाण नाही, काही नाही. मी बरोबरची खूण केली. ती वर्गात पहिल्यांदाच हसली.

सगळे गेल्यावर मी एकटीने पुन्हा ऐकले. हे कुठे पाठवायचे नाही, म्हणूनच लिहिते आहे. भाकरी थापल्याचा आवाज येतो, तुझा श्वास येतो. पण तो सूर, माय, आता मलाही कोमलच ऐकू येतो.