दोनदा जुळलेलं उत्तर

नाना, तुम्हाला जाऊन पस्तीस वर्षं झाली, त्यामुळे आधी माझा धंदा सांगते. मी गणितात संशोधन करते. कागद-पेन तुमच्यासारखंच लागतं, पण हात पुरत नाही तिथं आमच्या विद्यापीठात छत्तीस संगणक तारांनी जोडून एका खोलीत ठेवले आहेत. त्याला क्लस्टर म्हणतात. लांबलचक आकडेमोड तुकडे करून त्या छत्तीस जणांत वाटायची, आपली पाळी येईपर्यंत रांगेत थांबायचं आणि काही आठवड्यांनी उत्तर घ्यायचं. खोली इतकी गार ठेवतात की वैशाखात मला स्वेटर लागतो. तुम्ही हसला असता.

प्रांतांची नवी वाटणी झाली आणि आपलं बऱ्हाणपूर मध्य प्रदेशातच राहिलं, त्या सुमाराची गोष्ट. तुमच्या शाळेत गणित हिंदीतून शिकवायचं ठरलं होतं. फळ्यावर तुम्ही हिंदी बोलायचात आणि ओठांत मराठी पाढे चालू असायचे, पोरं खुसखुसायची. एका रविवारी आई भाकरी थापते आहे. तुम्ही मला चुलीपाशी आणि दादाला ओट्यावर बसवून एकच गुणाकार देता, त्याला सरळ, मला दोन आकड्यांची अदलाबदल करून. मी पाणी प्यायच्या निमित्ताने उठते आणि त्याची पाटी बघून येते. उत्तरं जुळतात. मी फुशारते. मग तुम्ही स्वतः गुणाकार करता.

"दोघं एकाच खड्ड्यात कसे पडले?"

"पण जुळलं ना, नाना."

"जुळणारच! तू त्याचं पाहून उतारलं. हा ताळा नाही बाई, ही तर नक्कल है."

तुम्ही हात उगारला नाहीत. पुन्हा करायला लावलंत, तोवर भाकरी गार झाली. मला राग दादाचा आला, त्याने चुकीचं लिहिलं म्हणून.

तर आता इकडचं. एका प्रकारच्या समीकरणाला पूर्णांकांत उत्तरच नाही, असा माझा दावा होता. फार मोठ्या आकड्यांसाठी ते कागदावर सिद्ध झालं. खालचे सगळे क्लस्टरने तपासायचे होते. दोनदा चालवलं, दोन्ही वेळा उत्तर आलं: एकही नाही. माझ्या विद्यार्थिनीच्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण त्यावरच उभं होतं. ती म्हणाली, "मॅडम, एकदा दुसऱ्या सॉफ्टवेअरवर चालवू या का? ते वेगळ्या लोकांनी लिहिलंय." मी म्हणाले, "दोनदा जुळलंय. क्लस्टर काय आपल्या घरचा आहे?" दोन्ही वेळा प्रोग्राम तोच होता, मीच लिहिलेला. मधल्या आकडेमोडीत आकडा फार मोठा झाला की संगणकात त्याला ठरवून दिलेल्या जागेत मावायचा नाही आणि त्याचे काही अंक गपचूप गळायचे, दोन्ही वेळा तेच अंक. त्यावरचा माझा निबंध छापून आला.

ती रांगेत मिळेल तेवढा वेळ मागून चार महिने ते दुसऱ्या सॉफ्टवेअरवर थोडं थोडं चालवत राहिली. एके दुपारी टेबलावर कागद ठेवून म्हणाली, "एक उत्तर सापडलंय." मी ते समीकरणात हाताने घालून पाहिलं. बसलं. "मग माझा प्रबंध?" तिने विचारलं. शेवटचं प्रकरण नव्याने लिहिण्यात तिचं वर्ष गेलं आणि ठरलेली नोकरी हातची गेली. मला फार लाज वाटली, नाना.

निबंध मी मागे घेतला. मासिकाला कळवलं की फेरतपासणीत आम्हाला चूक आढळली. दोघातिघांनी फोन करून माझ्या प्रामाणिकपणाचं कौतुक केलं, ते मी ऐकून घेतलं. "आम्हाला" काही आढळली नव्हती. तिला आढळली, मी नको म्हटल्यावर. तो मजकूर जाण्याआधी तिने वाचला होता. एक स्वल्पविराम दुरुस्त केला आणि म्हणाली, "ठीक आहे, मॅडम."

हे कुठेच पोचणार नाही म्हणून इतकं सरळ लिहिता आलं. ती दोन मजले खाली बसते. तिला मी यातलं अजून काहीच म्हटलेलं नाही.