मावसभावासाठी एक खोली

चार्ल्स्टन, साउथ कॅरोलिना
२१ फेब्रुवारी २००६

प्रिय गुरुनाथ,

बघा, 'प्रिय' लिहिलं आणि पुढे 'राव' लावायचं राहून गेलं. राहू दे. दर रविवारी फोनवर 'गुरुनाथराव, गुरुनाथराव' करून जीभ दमली माझी. पत्र बघून घाबरू नका, तब्येत ठणठणीत आहे. फोन मुद्दामच केला नाही. फोनवर तुम्ही तुमच्या आयसेलिनच्या बर्फापासून सुरुवात करता आणि ओक ट्री रोडवर मेथी कशी मिळाली तिथपर्यंत येता. तोवर मला काय सांगायचं होतं ते मीच विसरते. तेव्हा आज तुम्ही गप्प बसायचं आणि वाचायचं.

दिवाळीत तुम्ही मला विचारलंत, आपण लग्न करायचं का. किती सरळ विचारलंत हो! मंडळाच्या हॉलबाहेर, पार्किंगमध्ये, हातात फराळाची कागदी प्लेट आणि थंडीने नाक लाल. मी म्हटलं, या वयात चुकून चालायचं नाही, आधी चार दिवस कुठेतरी एकत्र राहून बघू, मग उत्तर देते. तुम्ही लगेच 'चालेल' म्हणालात. मार्चमध्ये चार्ल्स्टनला जायचं आणि राहायची जागा मी निवडायची, असं ठरलं. आता अटलांटाला निमिषकडे आलेच आहे, तर जागा स्वतः बघून यावी म्हणून परवा बसने इथे आले. लेकाला कारण सांगितलं नव्हतं. तो म्हणाला, आई, इंटरनेटवर फोटो असतात ना! अरे, फोटोत घराचा वास येतो का?

आधी तुम्ही सुचवलेलं हायवेजवळचं मोटेल बघितलं. नावं ठेवायला जागा नाही. चकचकीत खोली, मायक्रोवेव्ह, दारासमोर गाडी. पण आत पाऊल टाकलं आणि मला राजीव दिसला, तो जाऊन एवढी वर्षं झाली तरी. आम्ही अख्खी अमेरिका अशाच खोल्यांतून पाहिली. सामान टाकलं की तो पहिल्यांदा स्मोक अलार्मवर शॉवर कॅप चढवायचा. मग दाराच्या फटीत टॉवेल कोंबून इलेक्ट्रिक कुकरमध्ये खिचडी लावायचा, फोडणीचा वास बाहेर जायला नको म्हणून. छोटा निमिष आणि मी पलंगावर हसून हसून लोळायचो. सुखाचे दिवस होते ते, खोटं कशाला बोलू? पण गुरुनाथ, ती खोली माझी आणि राजीवची आहे. तिथे मी तुम्हाला नाही बसवणार. तुम्हाला तुमची अशी जागा हवी.

मग जुन्या गावात आले. काय सांगू! इथली घरं रस्त्याला अंग चोरून उभी आहेत. रुंदीला जेमतेम एका खोलीची, पण आत लांबच लांब, आणि एका अंगाला वरखाली लांब व्हरांडे. गंमत म्हणजे रस्त्यावरचं दार उघडलं की तुम्ही घरात जातच नाही, व्हरांड्यात जाता. पाहुण्याने आधी तिथे टेकायचं, वारा घ्यायचा, मग आत. मला फार आवडली ही रीत. तुम्ही नाही का, कुणाकडेही गेलात की आधी दारातच अर्धा तास बोलत उभे राहता!

एक घर फार देखणं होतं. खांब काय, झुंबरं काय. मालकाने मागच्या अंगणातली जुनी स्वयंपाकाची खोली दाखवली. आता तिथे पाहुणे राहतात, विटांच्या भिंती, मोठी चूल तशीच जपलेली. मी विचारलं, इथे पूर्वी कोण राहायचं? तो म्हणाला, बागेतली कॅमेलियाची फुलं बघितलीत का? मी पुन्हा विचारलं, तर त्याने मला नाश्त्याचं वेळापत्रक सांगितलं. गुलाम राहायचे, हे मलाही ठाऊक होतं हो. पण ज्या घरात साध्या प्रश्नाला उत्तर मिळत नाही तिथे मला झोप लागायची नाही. थँक यू म्हटलं आणि निघाले.

आणि मग मिस ऑडेलचं घर सापडलं. इथे सगळ्या बायकांना नावाआधी 'मिस' लावतात, आपण नावापुढे 'बाई' लावतो तसं. मी आल्याआल्या 'मिस शैलजा' झाले. मिस ऑडेल सत्तरी ओलांडलेली, आफ्रिकन अमेरिकन, उंच, आवाज खणखणीत. तिची आजी याच घरात धुणी धुवायची. वादळात घराचं छप्पर उडालं, जुन्या मालकांनी ते विकायला काढलं, तेव्हा हिने आणि हिच्या नवऱ्याने घेऊन हाताने दुरुस्त केलं. तिच्याही अंगणात तशी खोली आहे. न विचारता तिने सांगितलं तिथे कोण राहायचं ते. ती खोली ती भाड्याने देत नाही. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, एकटीच हे सगळं चालवते. घराची जमीन थोडी कललेली आहे, दारं कुरकुरतात, जिन्याला मेणाचा आणि जुन्या लाकडाचा वास येतो. मला तर घर बघताक्षणी आवडलं.

आता माझा मूर्खपणा ऐका. तिने विचारलं, सोबत कोण येणार? आणि माझ्या तोंडून फाडकन निघालं, माय कझिन ब्रदर! साठीला आलेली बाई मी, आणि उभ्याउभ्या एक मावसभाऊ पैदा केला. सवय हो, दुसरं काय! नागपूरला आमच्या होस्टेलवर भेटायला येणारा प्रत्येक मुलगा कुणाचा ना कुणाचा मावसभाऊच असायचा. मेट्रनबाईंना वाटत असेल, या पोरींच्या मावश्यांना मुली होतच नाहीत की काय. एवढी वर्षं अमेरिकेत काढली, पण वेळ आली तेव्हा तीच होस्टेलची पोरगी आतून बाहेर आली.

मिस ऑडेलने काही चेहऱ्यावर दाखवलं नाही. भावासाठी खालची खोली, माझ्यासाठी वरची, असं ठरवून तिने दोन्ही उघडून दिल्या. मी खालची खोली बघायला घेतली. तुमच्या कंबरेला मऊ गादी चालत नाही, म्हणून गादी दाबून बघितली, मग आडवी होऊनही बघितली. बाथटब जुना, सिंहाच्या पंजांचा, त्याची कड उंच. तुमचा उजवा गुडघा आठवला, विचारलं, धरायला दांडी बसवता येईल का? पहाटे उठून तुम्हाला चहा लागतो, तर स्वयंपाकघर किती वाजता उघडतं? आलं मिळेल का? पेपर येतो का? सकाळचं ऊन कुठल्या खुर्चीवर पडतं? ती बिचारी शांतपणे उत्तरं देत होती. वरची, म्हणजे माझी खोली मी दारातूनच बघितली आणि 'फाइन' म्हटलं.

संध्याकाळी तिने मला व्हरांड्यात बसवलं. तिथे एक लांबलचक, लवचीक फळी आहे, गडद हिरवी, दोन्ही बाजूंना डुलणाऱ्या पायांवर ठेवलेली. जॉगलिंग बोर्ड म्हणतात. पूर्वी लग्नाळू मुलगा एका टोकाला आणि मुलगी दुसऱ्या टोकाला बसायची. फळी मध्ये वाकायची, आणि दोघं गप्पा मारता मारता हळूहळू मधे सरकायची. घरातल्या म्हाताऱ्या खिडकीतून लक्ष ठेवायच्या. मी एका टोकाला बसून बघितलं. एकटीने काही मजा येत नाही हो. जरा डुलले, तिथेच राहिले.

बसल्या बसल्या डोळ्यांत पाणी आलं. आणि मी सांगून टाकलं, मिस ऑडेल, तो माझा भाऊ नाही. ती मोठ्याने हसली. म्हणाली, हनी, ते मला दुपारीच कळलं. भावाच्या गादीवर कुणी झोपून बघत नाही. मलाही चार भाऊ आहेत, त्यांतल्या एकालाही पहाटे चहा लागतो की नाही, मला आजतागायत माहीत नाही.

   तुम्हाला चार दिवस पारखायला निघाले होते मी, आणि तुमचा गुडघा, तुमची कंबर, तुमचं आलं मला तोंडपाठ. राहून बघायचं उरलंय काय? मला तुम्ही हवे आहात, गुरुनाथ. सोबत म्हणून नाही, सोय म्हणून नाही. तुम्ही.

काल निमिषला फोन करून सगळं सांगितलं. मला वाटलं, रागावेल. तो म्हणाला, आई, फायनली! म्हणजे कार्ट्याला सगळं माहीत होतं.

तर हे पत्र कशासाठी, ते ऐका. मार्चची ट्रिप मी कॅन्सल केली आहे. दोन्ही खोल्या सोडल्या. एप्रिलमध्ये तुम्ही श्रूजबरीला माझ्या घरी या, आपण रीतसर लग्न करू. मे महिन्यात इथे येऊ. खालची खोली मिस ऑडेलने आपल्यासाठी ठेवली आहे, एकच. आणि तुमची ती उशी. नायगाराच्या बसमध्ये तुम्ही ती काखेत घेऊन चढलात तेव्हा मी केवढी हसले होते. नंतर कळलं, तुमच्या सुवर्णाताईंनी जग सोडण्याआधी तिच्यात सावरीचा कापूस आपल्या हाताने भरला होता. ती घरी ठेवून येऊ नका. मीही राजीवची शाल आणणार आहे. पलंग मोठा आहे, मी बघून ठेवलाय.

तुमचीच,
शैलजा