काहीही चालेल

प्रिय आत्या,

काल तुमचं नवं घर बघायला आलो, तेव्हा तू जिन्याच्या पायरीवर भाजी निवडत बसली होतीस. "खोलीत का नाही बसत?" म्हटलं, तर म्हणालीस, "इथून येणारं-जाणारं माणूस दिसतं रे." कुणी वर जायला निघालं की पाय आखडून घेत होतीस.

नकाशा काढताना मी सगळ्यांना विचारलं होतं. तुझ्या मुलाला ऐसपैस हॉल हवा होता, सुनेला मोकळं स्वयंपाकघर. तू चहा करत होतीस. तुला मी दारातूनच विचारलं आणि तू म्हणालीस, "मला काय, काहीही चालेल." मी सुटलो. मागची खोली तुझ्या नावावर टाकली, शिवाय ती शांत आहे म्हणून कौतुकही करून घेतलं. हॉल वाढवायला जिना अरुंद केला, तोही मीच.

आई "काहीही चालेल" म्हणाली की तिला काय चालणार नाही, ते मला बरोबर कळतं गं.

हे पत्र पाठवणार नाही. पाठवलं तर तू म्हणशील, "चालतंय रे." आणि मी पुन्हा सुटेन.

ज्याला तू "आमचा आर्किटेक्ट" म्हणून मिरवतेस, तो
तुझा भाचा